जावईबापूंची शेपूट

माझ्या मामाच्या सलूनमध्ये आपण केस कापायला जातो असं लोकांना वाटतं. मामाला मात्र पक्कं ठाऊक आहे, की लोक त्याच्या गप्पा ऐकायला येतात आणि आलोच आहोत तर केसही कापून घेतात.

मी शेजारच्या गाळ्यात बसते. कपडे सैल करून देणं, आखूड करून देणं, पँटची चेन बदलणं ही माझी कामं. दोन गाळ्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत आहे. तिच्यातून शिंक जाते, खोकला जातो आणि मामाचे विनोद तर भिंत नसल्यासारखे येतात. त्याचे सगळे विनोद मला तोंडपाठ आहेत. पलीकडे विनोद सुरू झाला की मी इकडे शिलाई उसवता उसवता त्याचा शेवट मनात म्हणून टाकते. बहुतेक वेळा मी त्याच्याआधी पोचते, कारण मध्ये तो गिऱ्हाइकाच्या नाकाखाली असतो आणि तिथे घाई करून चालत नाही.

मामा बुटका, गोल आणि डोक्यानं गुळगुळीत आहे. न्हावी असून डोक्यावर एक केस नाही, यावरही त्याचे विनोद आहेत, पण ते मी सांगणार नाही. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं त्यात गेली आहेत. एक मात्र मान्य करायला हवं. माणसाला हसवण्याची वेळ त्याला बरोबर कळते. गालाला फेस लावताना तो गोष्ट सुरू करणार, वस्तरा हनुवटीवर आला की आवाज खाली आणणार, आणि शेवटचा हात मारून वस्तरा बाजूला ठेवल्यावरच शेवटचं वाक्य टाकणार. त्यामुळे हसून हसून कोणी हललं तरी कोणाचा कान गेला, असं आजवर झालेलं नाही. मग तो खुर्चीला हात लावून तिला एक पूर्ण गिरकी द्यायचा आणि म्हणायचा, घ्या, नवे झालात. बाकावर बसलेली मंडळी वा वा करायची. मामा हे दिवसातून कितीदा करायचा आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच केल्यासारखा खूश व्हायचा.

मामी शाळेची बस चालवते. ती बोलते कमी आणि आरशात बघते जास्त. एका दुपारी बस धुताना तिला शेवटच्या सीटखाली कुत्र्याचं पिल्लू सापडलं. कुणाचं, कुठून, कसं, ते एकाही पोरानं कबूल केलं नाही. तिनं ते घरी आणलं. पिल्लानं पाव हुंगला आणि तोंड फिरवलं. दूध हुंगलं आणि थोडं उपकार म्हणून प्यायलं. मग ते मामाच्या खुर्चीवर चढलं, उशीवर डोकं टेकवलं आणि घोरायला लागलं. मामी म्हणाली, "जावई आलाय वाटतं घरात."

तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. मुलगी नसताना जावई मिळालेला माझा मामा हा एकटाच माणूस असेल. त्याचे लाडही त्यानं तसेच केले. उकडलेलं अंडं सोलून, फुंकर मारून, तुकडे करून. मामी आजारी असताना तिला अंडं टरफलासकट मिळालं होतं.

जावई दिवसभर सलूनमध्ये असायचा, बाकाखाली. वर्षाचा व्हायला आला तोवर सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी मामानं खुर्चीला गिरकी दिली, आणि जावई बाकाखालून बाहेर आला, मान वळवून त्यानं मागे पाहिलं, तर तिथे एक शेपूट. ही इतके दिवस इथेच होती हे त्याला त्याच दिवशी कळलं असावं. तो तिच्यामागे लागला. ती पुढे, तो मागे, किंवा तो पुढे, ती मागे. बाकावर भोंगा बसला होता, तो हसला.

भोंगा म्हणजे मामाचा जुना मित्र. उभं आयुष्य त्यानं एका बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकलं. आता वाद्य गेलं, छाती राहिली. तो हसला की कपाटावरच्या पावडरच्या डब्यांची झाकणं वाजतात. दाढी असो नसो, तो रोज येतो आणि मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसतो, कारण घरी तो हसला तर ऐकायला कोणी नाही. भोंगा हसला म्हणून सगळे हसले, मामा टाळ्या वाजवायला लागला, आणि जावईबापूंना आयुष्यात काय करायचं आहे ते सापडलं.

पुढे तो खेळच झाला. मामाचा विनोद संपला, खुर्ची फिरली, की जावई फिरणार. लोक पलीकडच्या रस्त्यावरून बघायला यायला लागले. ज्याला केस कापायचे नव्हते त्यानंही मानेवरचे चार केस साफ करून घेतले. मामा विनोदाचा शेवट मुद्दाम लांबवायचा आणि जावयाकडे बघून भुवई उडवायचा. मीही सुई टोचून ठेवून बघून आले. खोटं कशाला बोलू, बघण्यासारखं होतंच ते.

पण मग त्याला विनोद लागेनासा झाला. खुर्ची करकरली तरी तो फिरायचा. दार उघडलं तरी फिरायचा. मामी झाडू काढायची, तर झाडू बघून फिरायचा. अंडं समोर ठेवलेलं तसंच राहायचं. जिन्यावर फिरायला लागला आणि चार पायऱ्या गडगडत खाली आला, तर खाली येऊन पुन्हा फिरायला लागला. हाक मारली तर ऐकू यायची नाही. डोळे उघडे, पण त्यात आमच्यापैकी कोणी नव्हतं. भोंगा अजून हसत होता, पण आता तो इकडेतिकडे बघून हसायचा.

मामाचं मत असं, की यात काळजीचं काही नाही, याला उपाय आहे. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण मामाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर माहीत असलेले उपाय सलूनमधलेच आहेत.

पहिला उपाय त्यानं शेपटीवरच केला. त्याचं म्हणणं, झुपकेदार आहे म्हणून डोळ्यांत भरते, बारीक केली तर दिसणार नाही. त्यानं जावयाला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, आणि शेपटीची बुडापासून टोकापर्यंत गुळगुळीत दाढी केली. नंतर तुरटी फिरवली. वर पावडर. इतकी मन लावून केलेली दाढी मी त्याच्या हातून पाहिली नव्हती. जावई खाली उतरला आणि त्यानं मागे बघितलं, तर आपल्या मागे एक नवंच, गुलाबी, नागडं काहीतरी हलतंय. आधी तो कधी फिरता फिरता तरी थांबायचा. आता थांबेना. चार दिवसांनी खुंट आले, ते टोचायला लागले, आणि खाज सुटली ती वेगळी.

दुसरा उपाय मामाला आंघोळ करताना सुचला. कुत्रा नेहमी उजवीकडून फिरतो, हे त्यानं हेरलं होतं. म्हणजे हा आवळला गेलाय, असं त्याचं निदान. स्क्रू आवळला जातो तसा. मग उलटा फिरवला तर सैल होईल. त्यानं रोज सकाळी जावयाला दोरीला बांधून दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबाभोवती डावीकडून फिरवायला सुरुवात केली. जावयाला ते आवडलं. तो आता दोन्ही बाजूंनी फिरायला शिकला. मामाला मात्र चक्कर आली आणि तो खांब धरून बराच वेळ उभा राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं त्याला पाणी दिलं आणि या वयात सकाळी सकाळी पिऊ नये, असं समजावून सांगितलं.

तिसरा उपाय म्हणजे आरसे झाकणं. समोरासमोरच्या आरशांत जावयाला एका शेपटीच्या शंभर शेपट्या दिसत असणार, असं मामानं ठरवलं आणि सगळ्या आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली. गिऱ्हाइकं स्वतःचं तोंड बघायला जाऊन बाजारभाव वाचू लागली. त्यातच निवृत्त मुख्याध्यापक आले. हे सर म्हणजे करडी शिस्त. मामाच्या विनोदाला ते कधीही हसले नव्हते. हसण्याची जागा आली की घड्याळ बघायचे. त्यांच्या मिशीचं एक टोक कात्रीत जरा जास्त आलं, मामानं दुसरं जुळवायला घेतलं, मग पुन्हा पहिलं, आणि समोर आरसा नसल्यामुळे सरांना ते घरी गेल्यावर कळलं. म्हणजे त्यांच्या बायकोनं, कोण पाहिजे तुम्हाला, असं विचारलं तेव्हा.

आणि मग त्या आठवड्यात पांढऱ्या टॉवेलवर रक्त दिसलं. मामा खुर्चीतल्या माणसाचा गाल शोधायला लागला, कुठे कापलं म्हणून. गाल ठीक होता. जावई बाकाखाली गोल बसला होता, शेपटीचं टोक त्याच्या तोंडात होतं, आणि तो ते चावत होता. ओरडत नव्हता, थांबत नव्हता, नुसता चावत होता. मामाच्या हातातला ब्रश खाली पडला. मामीनं बसची किल्ली उचलली आणि म्हणाली, "पुरे झाले आता तुमचे उपाय. चला."

शाळेच्या अख्ख्या बसमधून एक कुत्रा, मामी, मामा आणि मी असे जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मेवाल्या. त्यांनी आधी काही ऐकूनच घेतलं नाही. पिसवा बघितल्या, कातडी बघितली, पाठीचे मणके चाचपले, शेपटीखालच्या ग्रंथी दाबून बघितल्या. हे जावईबापूंना अपमानास्पद वाटलं. दुखण्याचं कारण अंगात काही नव्हतं. मग त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि शेपटीची दाढी कोणी केली म्हणून विचारलं. मामा छताकडे बघायला लागला.

तो फिरायला लागला की तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, हसतो थोडंसं. मामी म्हणाली, टाळ्या वाजवतात.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तो खेळत होता. मग त्याला कळलं, आपण फिरलो की तुम्ही खूश होता. म्हणून फिरत राहिला. आता त्याला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही."

त्यांनी आणखी बरंच सांगितलं. हसायचं नाही. रागवायचंही नाही, कारण त्याच्या हिशेबी रागावणं म्हणजेही आपल्याकडे लक्ष दिलंच. बांधून ठेवायचं नाही. रोज ठरल्या वेळी भरपूर चालवायचं, डोक्याला काम द्यायचं, खाणं आयतं पुढे न ठेवता शोधायला लावायचं. तो फिरण्याच्या आधी काय होतं ते नीट बघायचं, आणि फिरायला लागायच्या आतच त्याला शांतपणे दुसरं काहीतरी करायला सांगायचं. सोबत काही दिवस औषध. हे सर्दीसारखं जात नाही, सांभाळत राहावं लागतं. आणि जखम खोल आहे. पुन्हा चावली, तर शेपूट काढावी लागेल. काढून सवय जाईल असंही नाही, मग तो पाय धरेल.

बाहेर येऊन मामा बसच्या पायरीवर बसला. जावयाच्या गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं घातलं होतं, त्यात हात घालून त्यानं जावयाचं कपाळ कुरवाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे मी हसावं म्हणून तो स्वतःला चावत होता."

विनोद नसलेलं इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला त्याला काहीतरी टोमणा मारायचा होता, तो मी गिळला.

दुसऱ्या दिवसापासून सलूनमध्ये हसायला बंदी झाली. मामानं आरसे मोकळे केले आणि खुर्चीची गिरकी बंद केली. जावई उठला की सगळ्यांनी छताकडे बघायचं, असा नियम. नेहमीची मंडळी तयार झाली. कुत्रा जरा हलला की बाकावरचे सगळे एकदम माना वर करून पंखा बघायचे. नवीन माणूस आत यायचा, हे दृश्य बघायचा आणि तोही घाबरून पंख्याकडे बघायचा. एक जण नरसाळ्यातल्या जावयाला बघून फिस्सकन हसला, तर मामानं अर्धी दाढी तशीच ठेवून त्याला दाराबाहेर थांबवलं आणि चेहरा सरळ झाल्यावर आत घेतलं. भोंग्याची अवस्था सगळ्यात वाईट. हसू आलं की तो टॉवेल तोंडात कोंबायचा. एकदा तो टॉवेल साबणाचा निघाला.

मामाच्या तोंडाला कुलूप लागलं. सकाळी उजाडताच तो जावयाला घेऊन लांब चालून यायचा. खांबाभोवती नाही, सरळ. मग दिवसभर गप्प. प्लायवूडच्या पलीकडून नुसती कात्री ऐकू यायची. मी इतकी वर्षं त्या बडबडीला वैतागले होते, आणि आता माझंच कामात लक्ष लागेना. दोन पँटना मी एकाच मापाचे पाय शिवले, माणसं वेगळी होती. काही गिऱ्हाइकं येईनाशी झाली. मामा कधी विनोदाच्या तोंडाशी यायचा, ओठ हलायचे, मग जावयाकडे बघून तो ते परत आत घ्यायचा. त्याला इतका एकटा मी कधी पाहिला नव्हता. मला त्याची खरंच दया आली, आणि हे मला त्याला सांगता येईना, कारण आमच्यात तसलं बोलायची पद्धत नाही.

एवढं करूनही जावई फिरायचाच. कमी, पण फिरायचा. नरसाळ्यासकट फिरला की खालच्या फळीवरच्या बाटल्या एका फेरीत साफ. पट्टीवर पट्ट्या चढत होत्या आणि जखम भरत नव्हती. मामाचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला ठरवू, असं म्हटलं होतं, आणि काय ठरवायचं ते आम्हाला कळत होतं.

तेव्हा मामी शाळेच्या सुट्टीत एक अख्खा दिवस सलूनमध्ये येऊन बसली. कोपऱ्यात खुर्ची घेतली आणि समोरच्या आरशातून बघत राहिली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, गप्प बस, मी बस चालवतेय असं समज. तिचं म्हणणं, पोर ओकायच्या आधी कसं दिसतं ते तिला आरशात बरोबर कळतं, आणि ती वेळेवर बस बाजूला घेते. कुत्र्याचंही काहीतरी आधी दिसत असणारच. संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर तिनं मामाला सांगितलं.

"तो काही उगाच उठत नाही. तुमच्या पोटात विनोद आला आणि तुम्ही दात आवळले, की तो उठतो. तुम्ही बोलत नाही म्हणून त्याला काळजी वाटते."

मामा म्हणाला, "बोललो तर फिरतो, नाही बोललो तरी फिरतो. मग मी करू काय?"

"बोला," मामी म्हणाली. "पण मजा येईल असं बोलू नका."

हसवण्यावर ज्याचं आयुष्य गेलं त्याला आता कंटाळवाणं बोलायला शिकायचं होतं. पहिल्या दिवशी त्याला जमेना. पायपुसणं घ्यायला गेलो होतो, अशी गोष्ट त्यानं सुरू केली, आणि सवयीनं तिला शेवटी असा काही झटका दिला की भोंग्यानं टॉवेल शोधला आणि जावयाचे कान टवकारले. मामी म्हणाली, शेवट कापा. मामानं पुन्हा सुरू केलं. पायपुसणं घ्यायला गेलो. तपकिरी होतं, करडंही होतं. तपकिरी बघितलं. मग करडं बघितलं. करड्याची कड जरा जाड होती. मग पुन्हा तपकिरी बघितलं. अशी गोष्ट तो दाढी संपेपर्यंत सांगत राहिला, एकाच सुरात, आणि शेवटी पायपुसणं घेतलंच नाही. जावईबापूंनी एक लांब जांभई दिली आणि आडवे झाले.

मामा त्यात इतका तयार झाला की विचारू नका. नळाचा वायसर बदलल्याची गोष्ट. बादली कोणत्या हातात धरली होती, ते आठवण्याची गोष्ट. आधी उजव्या हातात वाटली होती, पण नाही, डावाच असणार. मी इकडे मशीनवर पेंगायला लागले. खुर्चीतली माणसं गाढ झोपायची. मामा त्यांची मान मागे नीट टेकवून, जिथल्या तिथे, अलगद दाढी करायचा. आणि मग गंमत अशी झाली, की लोक परत यायला लागले. रात्री झोप न येणारे येऊ लागले. एक बाई नवऱ्याला सोडून जायची आणि बाजार करून आल्यावर उचलून न्यायची. दुपारी तिथे बाकावर सगळे एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपलेले असायचे आणि मध्ये मामा हलक्या आवाजात, कोणतं बटण कोणत्या शर्टाचं होतं, ते सांगत असायचा.

सोबत त्यानं जावयाला एक गोष्ट शिकवली. टेक म्हटलं की यायचं आणि हनुवटी मामाच्या बुटावर टेकवायची. टेकवली की अंड्याचा तुकडा. अंडं मामाच्या एप्रनच्या खिशात. त्यामुळे काही दिवस सगळ्या गिऱ्हाइकांना आपल्या दाढीच्या साबणाला कसला वास येतोय हे कळेना. पण जावयाची नजर मागे वळली रे वळली की मामा त्याच सुरात म्हणायचा, तर मग मी करडं बघितलं, टेक, आणि तपकिरी ठेवून दिलं. जावई यायचा, टेकवायचा. बुटावर हनुवटी असताना शेपटीमागे जाता येत नाही, हे आपल्याला सुचायला हवं होतं, पण आपण शेपटीची दाढी करत बसलो होतो.

हळूहळू जखम सुकली. नरसाळं निघालं. आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, शेपूट हातात धरून टोकापर्यंत बघितली आणि म्हणाल्या, आता काढायची गरज नाही. पण कातडी कोवळी आहे, एकदा जरी चावली तरी सगळं पहिल्यापासून, आणि या वेळी टोक वाचणार नाही. मामानं मान हलवली. परत येताना त्यानं जावयाला मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी शेपूट धरून ठेवली होती, कोणी घेऊन जाईल या भीतीनं.

त्याच दुपारची गोष्ट. खुर्चीत मुख्याध्यापक सर होते. मिशा पुन्हा वाढल्या होत्या आणि घरी झोप लागत नव्हती म्हणून त्यांनी मामाला माफ केलं होतं. मागच्या बाकावर भोंगा भिंतीला टेकून झोपला होता. मामी धुतलेले टॉवेल घेऊन आली होती, आणि मी एका शर्टाच्या बाहीचं माप विचारायला आले होते. मामा खिडकीची काच पुसल्याची गोष्ट सांगत होता. आतून आधी की बाहेरून आधी, इथवर ती आली होती. सर झोपेत कुठेतरी वर्गात पोचले असावेत, कारण ते एकदम त्यांच्या जुन्या आवाजात, डोळे मिटूनच म्हणाले, "मागच्या बाकावरचा, उभा राहा."

भोंगा उभा राहिला. डोळे मिटलेले, हात पँटच्या शिवणीला. "मी नव्हतो, सर," तो म्हणाला.

मामाला आवरलं नाही. त्यानं वस्तरा खाली ठेवला, एवढं त्याला जमलं. मग इतके महिने दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ते हसणं पोटातून यायला लागलं, खांदे हलवत आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. सर जागे झाले. भोंगा जागा झाला आणि हसणं ऐकून त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. मामीच्या हातातले टॉवेल तसेच राहिले. सगळ्यांना एकाच वेळी एकच आठवलं आणि कोणी हललं नाही. पंख्याकडे बघायचंही कोणाला सुचलं नाही, सगळे जावयाकडे बघत होते.

जावई उठला. शेपूट वर झाली, टोकाला कोवळी, गुलाबी, आत्ताच मोकळी केलेली. त्यानं मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. ती हलत होती. मामाला टेक म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, हसणंच बाहेर पडत होतं. मला वाटलं, झालं, गेली शेपूट. जावयानं एक पाऊल तिच्या दिशेनं टाकलं.

मग तो थांबला. तिच्याकडे अजून थोडं बघितलं, वळला, चालत मामापाशी आला, आणि कोणी काही सांगितलेलं नसताना त्यानं हनुवटी बुटावर टेकवली.

मामा खाली बसला, तिथेच, कापलेल्या केसांवर. तो हसतच होता, आणि आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मामी टॉवेल टाकून पुढे आली आणि त्याच्या तोंडावर हात ठेवायला लागली. त्यानं तिचा हात धरून बाजूला केला.

"हसू दे मला," तो म्हणाला. "बघ ना, चालतंय त्याला."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग तीही त्याच्याशेजारी खाली बसली. भोंग्यानं विचारलं, मी हसू का, आणि मामीनं मान हलवली. पावडरच्या डब्यांची झाकणं वाजली. सरांनी घड्याळाकडे बघितलं, पण त्यांचीही मिशी हलत होती. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले होते, आणि मामा खिशात हात घालून अंडं शोधत होता.